उभी म्हणजे बंद

गुण्या मिस्त्रीला वाकडं काही बघवत नसे. भिंतीचा कोपरा काटकोनात आलाय की नाही हे बघायला गवंडी जी लोखंडी पट्टी लावतात तिला गुण्या म्हणतात. हे नाव त्याला धंद्यातल्या लोकांनीच ठेवलं होतं, तेही तोंडावर, आणि त्याला ते मनापासून आवडलं होतं. कोणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचा आणि मग खुर्चीत बसायचा. मेहुणीने एकदा चारचौघांत विचारलं होतं, "भाऊजी, पाहुणे म्हणून आलात की तपासणीला?" तो हसला होता आणि हसता हसता टेबलावरचा चमचा बशीला समांतर करून ठेवला होता.

पस्तीस वर्षं तो कोळशाच्या शेगड्या बसवत, झाडत आणि दुरुस्त करत आला होता. शेगडी म्हणजे त्या भागातली, छातीपर्यंत उंच, जाड लोखंडाची, दोन दारांची आणि मागून धुराची नळी वर नेलेली. वरच्या दारातून कोळसा घालायचा, खालच्या दारातून राख काढायची. थंडीचे पाच महिने ती विझू द्यायची नाही. अशी शेगडी बिघडली तर दोन तऱ्हांनी बिघडते. एक तर ती पेटत नाही, नाहीतर आवरत नाही. पेटत नाही म्हणून माणसं कुरकुरतात. आवरत नाही म्हटल्यावर मात्र माणसं घाबरतात, आणि ते बरोबरच आहे.

त्या सकाळी ज्या घरी तो गेला तिथली शेगडी आवरत नव्हती. घराच्या पायऱ्यांवरच मुलगा भेटला. मुलगा म्हणजे पंचेचाळिशीचा गृहस्थ, कानटोपी हातात घेऊन थंडीत उभा होता. घर त्याच्या आईचं. तो स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर राहत होता.

"मिस्त्री, आत जायच्या आधी दोन शब्द बोलायचेत," मुलगा म्हणाला. "बाबा उन्हाळ्यात गेले, तेव्हापासून आई एकटी आहे. आणि आता तिच्या लक्षात राहत नाही."

"काय राहत नाही?"

"शेगडीचं खालचं दार. रात्री उघडं ठेवते, मग शेगडी भडकते. तीन वेळा झालं. मागच्या आठवड्यात नळी लाल झाली होती. शेजारच्या बाईंना भिंत गरम लागली म्हणून, नाहीतर..." त्याने कानटोपी दुसऱ्या हातात घेतली. "तिला विचारलं की म्हणते, मी दार लावलं होतं. आता तेही म्हणत नाही. नुसती गप्प बसते. रविवारी मी तिला घेऊन चाललोय. सामानाची गाडी सांगितलीये, आमच्याकडची खोली रंगवून ठेवलीये. पण ती ऐकत नाही, म्हणते शेगडी आधी मिस्त्रीला दाखवा."

"बरं."

"तुम्ही फक्त नीट बघा आणि शेगडीत काही दोष नाही एवढं तिच्यासमोर सांगा. माझं ऐकत नाही ती. मिस्त्रीचं ऐकेल."

गुण्याला हे फारसं रुचलं नाही. शेगडीचा निकाल द्यायला तो आला होता, बाईचा नव्हे. पण मुलाचे डोळे तांबारलेले होते, त्याचीही झोप उडालेली दिसत होती. शिवाय शेगडीत दोष नसणार याची गुण्याला जवळजवळ खात्रीच होती. कारण तीनच महिन्यांपूर्वी, थंडी सुरू व्हायच्या तोंडाला, याच मुलाने किल्ली दिली होती आणि गुण्याने एकट्याने येऊन ही शेगडी नळीसकट झाडून दिली होती. आई तेव्हा तिच्या बहिणीकडे गेलेली होती. स्वतःच्या हातचं काम. त्यात चूक निघणं त्याला पटणारं नव्हतं.

आत गेल्यावर त्याने आधी चिठ्ठ्या पाहिल्या. दारामागे चिठ्ठी, नळावर चिठ्ठी, दिव्याच्या बटणाखाली चिठ्ठी. अक्षर मुलाचं असावं, मोठं आणि नीट. शेगडीच्या वरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठी होती, 'खालचं दार लावलं का?' तिचा खालचा कोपरा उष्णतेने तपकिरी होऊन वळला होता. शेगडीच्या बाजूच्या भिंतीचा रंग फोड आल्यासारखा सुटला होता, आणि जवळच्या लाकडी स्टुलाचा एक पाय काळा पडला होता. मुलगा उगाच घाबरलेला नव्हता.

आई खिडकीशी बसली होती. सत्तरी ओलांडलेली, अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले. मांडीवर हात ठेवून ती त्याच्याकडे अशी बघत होती की जसं कोणी डॉक्टरकडे बघावं, स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्या कोणासाठी तरी.

"काकू, बघतो हं मी," गुण्या म्हणाला.

"बघा," ती म्हणाली. "सावकाश बघा. मला घाई नाही. घाई त्याला आहे."

मुलाने हे ऐकलं आणि आतल्या खोलीत खोकी भरायला निघून गेला.

गुण्याने काम सुरू केलं, आणि काम सुरू झालं की त्याला बाकीचं काही सुचत नसे. मिस्त्री येणार म्हणून शेगडी आदल्या दिवसापासून विझवलेली होती. शेगडी भडकते म्हणजे तिला नको तितकी हवा मिळते. हवा कुठून मिळते हे शोधायचं, एवढीच सगळी विद्या. त्याने दोन्ही दारांच्या कडांचा दोर तपासला. न जळणाऱ्या धाग्याचा हा दोर दारात बसवलेला असतो, म्हणजे फटीतून हवा शिरत नाही. त्याने कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. चारी बाजूंनी पट्टी फाटली, पण सुटली नाही. दोर उत्तम होता. मग मेणबत्ती लावून ज्योत प्रत्येक सांध्यावरून फिरवली. ज्योत कुठेच आत ओढली गेली नाही. आतल्या विटा शाबूत, जाळी शाबूत, राख वेळच्या वेळी काढलेली. कोळसा अक्रोडाएवढा, हवा तसा. बाईने शेगडी ठेवली होती मात्र लख्ख. खालच्या दारातली हवेची खिडकीसुद्धा तेल लावल्यासारखी सरकत होती.

मग त्याने स्वतः जाळ केला. काटक्या, त्यावर कोळसा, वर अजून कोळसा. नळीच्या पोटात, बाहेरून दिसणार नाही अशी, एक लोखंडी झडप असते, छोट्या ताटलीएवढी. बाहेर तिची दांडी असते. दांडी फिरवली की आत झडप फिरते. दांडी नळीबरोबर उभी असली की झडप उघडी, धूर सरळ वर जातो आणि शेगडी खेचून हवा घेते. दांडी आडवी केली की झडप आडवी, धुराची वाट अडते आणि आग मंदावते. अगदी गुदमरू नये म्हणून झडपेला मध्ये भोक असतं. धंद्यात शिरणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि सगळ्या शेगड्यांना हे असंच असतं. गुण्याने उभ्या दांडीवर जाळ धरू दिला, मग दांडी आडवी केली, हवेची खिडकी दोन बोटं ठेवली आणि स्टूल ओढून बसला.

अर्ध्या तासात शेगडी मांजरासारखी शांत झाली. त्याने लोखंडाला हात जवळ नेऊन पाहिला, नळीला नेऊन पाहिला. जेवढं तापायला हवं तेवढंच तापलं होतं.

म्हणजे मुलाचं खरं होतं. शेगडीत काही नव्हतं. आता हे उठून सांगायचं होतं आणि घरी जायचं होतं, आणि गुण्याचे पाय काही उठेनात.

"काही सापडलं?" आईने विचारलं.

"अजून बघतोय," तो म्हणाला. खरं तर बघायचं काही उरलं नव्हतं.

तिने आतल्या खोलीकडे एक नजर टाकली. मग उठून आली आणि शेगडीमागच्या फळीवरचा एक वाडगा उतरवून त्याच्या पुढ्यात धरला. वाडग्यात शर्टाची बटणं होती, पांढरी, निळी, एक पितळी.

"त्याला सांगितलं नाही मी हे," ती हळू आवाजात म्हणाली. "चिठ्ठ्या लावल्यापासून माझी मीच ही युक्ती केली. रात्री खालचं दार लावलं, दाबून पाहिलं, की एक बटण बटणांच्या डब्यातून ह्या वाडग्यात. म्हणजे सकाळी वाडग्यात एक बटण वाढलेलं दिसलं तर दार लावलेलं होतं. बरोबर ना?"

"बरोबर."

"नळी लाल झाली त्या रात्रीचं बटण वाडग्यात होतं, मिस्त्री. पितळी. ह्यांच्या कोटाचं." तिने वाडगा हलवला. "मला दार लावलेलं आठवतं. बटण टाकलेलंही आठवतं. आणि शेगडी भडकली. म्हणजे काय, मला जे झालेलं आठवतं ते झालेलंच नसतं. विसरणं वेगळं. विसरणं मी समजू शकते. हे तर त्याच्या पुढचं झालं."

गुण्याच्या बायकोने असल्या वेळी हातावर हात ठेवला असता. त्याला ते जमणारं नव्हतं.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "हे तर कोणालाच सांगितलं नाही. सकाळी मी शेगडी चाळवते ना, तर खोलीभर धूर होतो. रोज. डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं, मग मी खिडकी उघडून बसते. पूर्वी कधी झालं नाही असं. त्याला सांगितलं तर म्हणेल, आता पेटवताही येत नाही."

धूर आणि डोकं जड होणं ही थट्टा नाही. कोळशाच्या धुरात जो वायू असतो तो माणसाला झोपेतच घेऊन जातो. आणि दुसरं म्हणजे हे जुळत नव्हतं. रात्री भडकणारी शेगडी म्हणजे जोरात खेचणारी शेगडी. ती सकाळी खोलीत धूर कशाला सोडेल? एकच नळी रात्री जास्त ओढते आणि सकाळी ओढत नाही, असं त्याने पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"काकू," तो म्हणाला, "मला करून दाखवता? रोज रात्री करता तसंच सगळं. मी आहे हे विसरा."

"ते मला जमेल," ती म्हणाली. "विसरायचंच तर आहे." एवढं बोलून तीच थोडं हसली.

तिने पदर खोचला, हातात जाड मोजा चढवला. वरचं दार उघडून कोळसा पसरला, पुढे थोडा, मागे जास्त. थोडा वेळ थांबली, कोळशाला जाळ लागतो तेवढा. गुण्याने पाहिलं, दांडी त्याने आडवी ठेवलेली होती, ती तशीच होती, आणि उघड्या दाराच्या वरच्या कडेतून धुराची बारीक रेघ खोलीत येत होती. तिने वरचं दार लावलं. खालचं दार लावलं, तळहाताने दाबलं, खिटी बसल्याचा आवाज ऐकला. हवेची खिडकी दोन बोटं ठेवली. मग न बघता हात वर नेला आणि दांडी फिरवून उभी केली.

"झालं," ती म्हणाली आणि डब्यातलं एक बटण वाडग्यात टाकलं.

जरा वेळाने, सरावलेल्या कानालाच कळेल असा, नळीतून बारीक घुर्र आवाज सुरू झाला.

सापडलं तर. बाई दांडी उलटी फिरवते. गुण्याला आधी तीच शंका आली आणि फार वाईट वाटलं. म्हणजे डोकं चालत नाही हे खरंच. आयुष्यभर ज्या शेगडीवर हात फिरला तिचं उघड काय आणि बंद काय हेही गेलं. त्याने उठून दांडी आडवी केली, आवाज थांबला. मग जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारलं, "काकू, आत्ता दांडी काय केलीत तुम्ही?"

"बंद केली."

"ही उभी म्हणजे बंद?"

"उभी म्हणजे बंद," ती म्हणाली. "आडवी म्हणजे उघडी."

ती अडखळली नाही, कपाळाला हात लावला नाही, त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर शोधलं नाही. आपलं नाव सांगावं तसं सांगितलं. विसरणारी माणसं गुण्याने पाहिली होती, त्याचे सासरे शेवटी तसेच झाले होते. त्यांचा हात वस्तूपाशी जाऊन थांबायचा, घुटमळायचा. हिचा हात घुटमळला नव्हता. तो हात डोळे मिटूनही तिथेच गेला असता.

"कधीपासून हो?"

"म्हणजे काय? पहिल्यापासून. ह्यांनीच बसवली ना ती दांडी."

गुण्याने वाकून दांडीच्या मुळाशी पाहिलं. झडपेच्या कांबीचं टोक चौकोनी होतं आणि दांडी त्यात बसवून वर खीळ ठोकलेली होती. पितळी खीळ, नवी, डोकं नीट घासलेलं. अशी खीळ सगळ्या शहरात एकच माणूस ठोकतो. खिळीखाली, कांबीच्या पृष्ठभागावर, जुन्या दांडीचा घासलेला ठसा अजून दिसत होता. तो आत्ताच्या दांडीशी काटकोनात होता.

मग त्याला आठवलं. थंडीच्या तोंडाचा तो दिवस, रिकामं घर, बाहेर ऊन. नळी झाडून झाली, झडप साफ झाली, आणि दांडी बसवताना त्याच्या लक्षात आलं की इथे सगळं उलटं आहे. झडप बंद तर दांडी उभी. कोण अडाणी होता हा, असं तो मोठ्याने म्हणाला होता. रिकाम्या घरात. आणि दांडी काढून चौकोनी टोकावर पाव वेढा फिरवून, बरोबर करून, नवी खीळ ठोकून शीळ घालत घरी गेला होता. कोणाला सांगावं असं त्यात काही वाटलंच नव्हतं. वाकडी तसबीर सरळ केली तर ते कोणी घरमालकाला सांगतं का?

तीन महिने ही बाई रोज रात्री शेगडी बंद करत होती आणि ती उघडत होती. रोज सकाळी उघडत होती आणि ती बंद होत होती. ज्या रात्री बाहेर वारा सुटला, त्या रात्री ती भडकली. धूर कोंडत होता, नळी तापत होती, भिंतीवर चिठ्ठ्या वाढत होत्या. आणि तिच्या हाताची एकही चूक नव्हती.

गुण्या स्टुलावर बसला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला बाईची नव्हे, स्वतःचीच दया आली. पस्तीस वर्षांत एकही शेगडी त्याच्या हातून पेटून उठली नव्हती. गुण्याने बसवली म्हणजे बघायला नको, असं लोक म्हणत. आता म्हणतील, गुण्याने म्हातारीला जाळत आणली होती. आणि हे कोणाला कळायचं कारणही नव्हतं. खीळ काढायची, दांडी पूर्वीसारखी करायची, पाच मिनिटांचं काम. बाहेर येऊन सांगायचं की दाराचा दोर खराब होता, बदलला. शेगडी उद्यापासून ठीक चालेल. मुलगा हळहळेल, माफी मागेल, रविवारची गाडी रद्द होईल. सगळ्यांचं भलं, आणि नावाला डाग नाही. बॅगेत नवा दोर होताही.

त्याने बॅग उघडली. दोराच्या गुंडाळीवर हात ठेवला. समोर वाडगा होता, आणि त्यात सगळ्यांच्या वर नुकतंच टाकलेलं निळं बटण.

दोर खराब होता म्हटलं तर शेगडी बरी होईल. पण बाईला सकाळचा धूर आठवेलच. दोर खराब असल्याने खोलीत धूर होत नाही हे इतकी वर्षं शेगडी सांभाळलेल्या बाईला कळणार नाही असं थोडंच आहे. ती परत गप्प बसेल आणि स्वतःच्याच डोक्याकडे संशयाने बघत राहील. त्याने हात बाहेर काढला आणि बॅग मिटली.

"साहेब," त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "जरा बाहेर या."

मुलगा हातात चिकटपट्टी घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेची तयारी दिसत होती. "काही नाही ना शेगडीत?"

"आहे," गुण्या म्हणाला. तो उभा राहिला होता. "मी केलेलं आहे. मी झाडायला आलो तेव्हा ही दांडी उलटी बसवलेली होती. निदान मला ती उलटी वाटली. मी ती फिरवून आमच्या धंद्यातल्यासारखी केली आणि कोणाला सांगितलं नाही. तुमच्या आई शेगडी बरोबर बंद करत होत्या. खालचं दारही रोज लावत होत्या. चूक माझी आहे. पूर्ण माझी."

शेगडीत एक कोळसा खाली बसल्याचा आवाज आला.

मुलगा दांडीकडे बघत राहिला. "उभी म्हणजे बंद," तो अगदी हळू म्हणाला, कुठून तरी लांबून आल्यासारखं. "बाबा म्हणायचे. मी शाळेत होतो तेव्हा." मग त्याचा चेहरा बदलला. "नळी लाल झाली होती. कळतं का तुम्हाला? ती झोपलेली होती आत."

"कळतं."

"मी तिला काय काय बोललो ह्या तीन महिन्यांत."

गुण्याने मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली. मुलगा अजून काही बोलणार होता, पण त्याने आईकडे पाहिलं आणि थांबला.

आई खुर्चीत बसली होती. वाडगा तिने मांडीवर घेतला होता आणि बटणं एकेक करून उचलून बघत होती. पितळी बटण सापडल्यावर ते मुठीत धरलं.

"म्हणजे हे खरं होतं," ती म्हणाली.

"सगळी खरी होती, काकू," गुण्या म्हणाला. "एकूण एक."

तिने डोळ्यांना पदर लावला. बराच वेळ लावला. मुलगा खुर्चीपाशी खाली बसला, पण तिला हात लावायचा धीर त्याला झाला नाही. शेवटी तिनेच त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कानटोपीने विस्कटलेले त्याचे केस सारखे केले.

"तुला काय माहीत," ती त्याला म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं."

मग तिने नाक पुसलं आणि गुण्याकडे वळली. "आणि मिस्त्री, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. ती दांडी उलटीच होती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या माहेरी शेगडी होती की. मला कसं माहीत नसेल?" तिच्या आवाजात आता जरा जीव आला होता. "हे भूगोल शिकवायचे. जगातल्या सगळ्या नद्या तोंडपाठ, पण भिंतीत खिळा मारता यायचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत जुनी दांडी तुटली, तर म्हणाले, मी बसवतो. सगळा रविवार गेला. बोटाला कापलं, शर्ट जळला. आणि बसवल्यावर शेजाऱ्यांना बोलावून दाखवली, बघा, मी केली. मी बघितलं, उलटी होती. पण त्यांचं तोंड बघून मला काही सांगवेना. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. मग उद्याही राहिलं." ती थांबली. "मग मीच शिकले. उभी म्हणजे बंद. पहिले काही दिवस चुकायची, मग हाताला सवय झाली. एवढं एकच काम त्यांनी आयुष्यात हाताने केलं."

गुण्या ऐकत होता. अडाणी, असं तो ह्या खोलीत मोठ्याने म्हणाला होता. ते कोणी ऐकलं नव्हतं, तरी त्याचे कान गरम झाले.

"काकू, मी म्हणालो तसं, चूक माझीच," तो म्हणाला. "आता तुम्ही सांगाल तसं करतो. दांडी आत्ता आहे ती बरोबर आहे, सगळ्या शेगड्यांना असते तशी. तुम्हाला नव्याने सवय करायची असेल तर आठ दिवस मी रोज संध्याकाळी येऊन जाईन, पैसे घेणार नाही. नाहीतर—"

"उलटी करा," ती म्हणाली.

मुलगा म्हणाला, "आई, पण नीट आहे तर—"

"नीट नाही ती. ह्यांची नाही." मग जरा थांबून ती त्याला म्हणाली, "रविवारी ये तू. सुनेला घेऊन जेवायला ये. सामानाची गाडी मात्र आणू नकोस, तिला दारात लावायला जागा नाही."

मुलाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तो तोंड फिरवून उठला. भिंतीपाशी जाऊन त्याने शेगडीवरची ती मोठी चिठ्ठी काढली. तापून चिकटलेली होती, तुकड्या-तुकड्यांनी निघाली. मग तो नळावरच्या चिठ्ठीकडे वळला.

गुण्याने पक्कड घेतली. स्वतःची पितळी खीळ उपसली. दांडी ओढून काढली, पाव वेढा फिरवली आणि चौकोनी टोकावर परत बसवली. वाकडं बघवत नाही त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा एक वस्तू जाणूनबुजून उलटी बसवली, आणि जुन्या ठशावर ती इतकी अचूक बसली की हातोडी फार मारावीच लागली नाही. त्याने दांडी उभी केली, आडवी केली, परत उभी केली. नळीतला आवाज गेला. मग बाईला फिरवायला दिली. तिने न बघता फिरवली.

तो हत्यारं आवरायला लागला. निघता निघता खिशातला खडू त्याच्या हाताला लागला, आणि तो परत नळीपाशी गेला.

"इथे लिहून ठेवतो," तो म्हणाला. "उभी म्हणजे बंद. म्हणजे पुढचा मिस्त्री माझ्यासारखी चूक करणार नाही."

"पुढच्या मिस्त्रीला मी सांगेन," आई म्हणाली.

गुण्या खडू धरून तसाच उभा राहिला. मुलगाही दारामागची शेवटची चिठ्ठी हातात घेऊन थांबला होता.

"लिहू नका," ती म्हणाली. "माझ्या लक्षात आहे."